जुन्या ट्रकचं इंजिन स्टार्ट होत नाही तेव्हा: पंपाला हात लावण्याआधी

जुना डिझेल ट्रक सकाळी स्टार्ट झाला नाही की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास निदान करून टाकतं, ‘पंप गेला.’ पंप म्हणजे डिझेल दाबाने नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या तोंडापर्यंत, पोचवणारा पंप. इंजिनावरच्या सगळ्यात महागड्या आणि नाजूक भागांपैकी एक. तो बिघडतच नाही असं नाही, पण स्टार्ट न होणाऱ्या गाडीत त्याचा नंबर बराच मागे लागतो. त्याच्या आधी रांगेत उभी असतात ती बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी पूड, चेपून सपाट झालेलं तांब्याचं वॉशर, अर्ध्यावर अडकलेली स्टॉप केबल (इंजिन बंद करायला ओढतात ती), चोंदलेला फिल्टर. ही सगळी कामं पाना, मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढ्यावर होतात. पंप उतरवला की मात्र टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची नेमकी वेळ, परत बसवण्यापासून सगळं आलं, आणि मूळ दोष टाकीजवळच्या नळीत असेल तर एवढं करून गाडी होती तिथेच.

इथे जुना ट्रक म्हणजे कॉम्प्युटर नसलेला. पंप इंजिनाच्या गिअरवर फिरतो आणि लोखंडी नळ्यांमधून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलला पाळीपाळीने डिझेल देतो. बॉशने असे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येने बनवायला घेतले आणि पुढची कित्येक दशकं मूळ रचना तीच राहिली. अशा इंजिनात स्कॅनर लावायला जागाच नाही. आवाज, धूर आणि नळीतून येणारं डिझेल एवढ्यावरच दोष पकडायचा, आणि तेवढं पुरतंही.

आधी हे इंजिन पेटतं कसं ते बघू, कारण पुढचा सगळा तर्क त्यावर उभा आहे. पेट्रोल इंजिनासारखा ठिणगी देणारा प्लग इथे नसतो. पिस्टन वर येताना आतली हवा दाबून साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं, तसाच हा प्रकार, फक्त इथे हवा ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. नेमक्या त्या क्षणी नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं आणि ते आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये याच तत्त्वावरचं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं होतं.

यातला खरा मुद्दा वेगाचा आहे. दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषत राहतात आणि थोडी हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटते. इंजिन झपाट्याने फिरलं तर या गळतीला वेळ मिळत नाही. रेंगाळत फिरलं तर हवा पेटण्याइतकी तापतच नाही. मिनिटाला शंभर-दीडशे फेरे हा ढोबळ किमान आकडा धरा. इंजिन थंड असेल तर जास्तच लागतात. म्हणून ‘सेल्फ (इंजिन फिरवून देणारी स्टार्टर मोटर) तर फिरतोय ना, मग बॅटरी ठीकच असणार’ हे अनुमान डिझेल गाडीत चालत नाही.

हात लावण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना ओट (घसरू नयेत म्हणून दगड किंवा ठोकळे) लावलेली असू दे. खाली शिरून सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून इंजिन फिरवायची सवय अनेकांना असते. गाडी गिअरमध्ये असेल आणि त्याच झटक्यात इंजिनाने पकडलं, म्हणजे ते चालू झालं, तर माणूस चाकासमोर असतो. यात जीव गेले आहेत. केबिन उचलून काम करणार असाल तर तिचा टेका नीट अडकला आहे ना, तेही बघा.

चावी फिरवली की काय ऐकू येतं?

इथून दोन वाटा फुटतात. इंजिन फिरतच नाही किंवा जेमतेम फिरतं, ही एक. झकास फिरतं पण पकडत नाही, ही दुसरी. पहिलीतला दोष बहुतेक वेळा विजेचा असतो, दुसरीतला बहुतेक वेळा डिझेलचा. या दोन वाटांची सरमिसळ केली की दिवस जातो.

काहीच आवाज नसेल तर चावीपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (करंट मिळाला की मोटरचा संपर्क जोडणारा विजेचा स्विच) येणाऱ्या बारीक वायरमध्ये करंट पोचतोय का ते तपासा. एकच जाडसर ‘टक्’ येऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइड ओढतोय पण मोटर फिरत नाही: कार्बन ब्रश झिजलेत, संपर्क जळलेत किंवा पुरेसा करंट येत नाही. ‘कट-कट-कट-कट’ अशी माळ लागली तर बॅटरी बसली आहे किंवा जोड सैल आहे. मोटर मोकळीच सुसाट फिरल्याचा आवाज येतो आणि इंजिन जागचं हलत नाही, तेव्हा सेल्फचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, दातांत जात नाही किंवा दातच झिजलेत.

बॅटरी मोजायची ती गाडी काही तास उभी राहिल्यावर. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली आली की रिकामीच समजा. पण उभ्या बॅटरीचा आकडा फसवा असतो. खरी परीक्षा सेल्फ मारताना. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि मीटर बॅटरीच्या खांबांवर धरा. १२ व्होल्टची बॅटरी ९.६ च्या खाली घसरली तर ती भार पेलत नाही. ट्रकमध्ये अनेकदा दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक धडधाकट आणि एक मेलेली असेल तर एकत्र मोजल्यावर नुसतं ‘थोडं कमी आहे’ एवढंच कळतं.

बॅटरी चांगली निघाली तर केबल. इंजिन फिरत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरा. मधल्या वाटेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त हरवत असेल तर केबल किंवा तिचा एखादा जोड करंट खातोय. तीच चाचणी अर्थिंगच्या बाजूने करा: बॅटरीचा मायनस खांब आणि इंजिनाचा ब्लॉक. अर्थिंगकडे लोकांचं लक्षच जात नाही. गिअरबॉक्स उतरवताना किंवा चासी रंगवताना इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी सुटते, परत बसवली तरी रंगावरच बसते. मग करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची केबल किंवा एखादी बारीक अर्थ वायर सेल्फ मारल्यावर गरम लागली तर मुख्य अर्थिंग गेलंय म्हणून समजा. मीटर नसेल तर दहा सेकंद सेल्फ मारून लगेच प्रत्येक जोडाला हात लावून पाहा. जो जोड तापलाय तो दोषी.

सेल्फ एका दमात वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि पुढच्या दमापूर्वी दोन मिनिटं थांबा. वैतागून दाबून धरलेल्या बटणाने चांगला सेल्फ जळतो आणि एका दोषाचे दोन होतात.

आणखी एक शक्यता दुर्मीळ आहे, पण चुकली तर इंजिन फुटतं. बॅटरी दमदार आहे, सेल्फ जोर लावतो आणि इंजिन थोडं फिरून ‘ठक्’ करून जागच्या जागी अडतं. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साठलेलं असू शकतं. हेड गॅस्केट (सिलिंडरच्या डोक्याखालचं सील) गेलं असेल किंवा नोझल उघडंच राहून रात्रभर गळत असेल. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी सेल्फ थांबवायचा, दुसऱ्या गाडीने ओढायचा विचारही करायचा नाही. नोझल काढून इंजिन हाताने फिरवायचं आणि आतून काय बाहेर येतंय ते बघायचं.

झकास फिरतंय, पण पकडत नाही

आता सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा आणि सेल्फ मारा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. काळा धूर म्हणजे पेटतंय, पण हवा अपुरी पडते. या एका निरीक्षणाने अर्धा शोध संपतो, आणि ते करायला खर्च शून्य आहे.

काळ्याचं लगेच उरकून टाकू. एअर फिल्टर काढून एकदा त्याशिवाय सेल्फ मारा. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं सापडणं ही गंमत नाही, नेहमीची गोष्ट आहे. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी मंदावणारा) असेल तर त्याची पाकळी बंद अवस्थेत जाम झाली नाही ना, ते बघा. धूर बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा आत येणार कुठून?

धूरच नाही, या प्रकारात सगळ्यात जास्त गाड्या असतात. आधी टाकीत डिझेल आहे का ते काठी घालून बघा. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. टाकीखालचा कॉक कुणी बंद केला नाही ना? मग पंपावरची स्टॉप लिव्हर. ड्रायव्हर गाडी बंद करताना जी केबल ओढतो ती लिव्हर पूर्ण परत आली पाहिजे. केबल गंजली की लिव्हर अर्ध्यावर राहते आणि पंप इमानदारीने शून्य डिझेल देत बसतो. केबल सोडवून लिव्हर हाताने हलवून पाहा. गाडी अनेक महिने उभी असेल तर पंपाच्या आतली रॅकही (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती दातेरी पट्टी) चिकटलेली असू शकते. लिव्हर हलते पण स्प्रिंगने परत येत नाही, ही तिची खूण. चावीने बंद होणाऱ्या गाडीत पंपावर सोलेनॉइड असतो. चावी चालू-बंद करताना त्यातून स्पष्ट ‘टिक’ ऐकू यायला हवी. आली नाही तर आधी वायरवर करंट आहे का बघा. फ्यूज गेलेला असताना सोलेनॉइड बदलणारेही असतात.

एवढं ठीक असेल तर उरते एअर. डिझेल गाडीने एअर धरली असं आपण म्हणतो तेव्हा होतं ते असं: पंपाचा प्लंजर (वर-खाली होणारा दट्ट्या) डिझेल दाबून नोझलला शेकडो बार दाब देतो, कारण द्रव दबत नाही. मध्ये हवेचा बुडबुडा आला की प्लंजर तो बुडबुडाच दाबत-सोडत राहतो. दाब नोझल उघडण्याइतका चढतच नाही. पंप निरोगी, नोझल निरोगी, आणि गाडी बंद.

ही हवा शिरते कुठून? बहुतेक वेळा टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) यांच्यामधून. या भागात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे फट असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत खेचली जाते. ‘कुठेही गळत नाही हो’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. गळणारी जागा फीड पंपाच्या पुढे असते, हवा घेणारी जागा त्याच्या मागे, आणि मागची कोरडी ठणठणीत दिसते.

खुणा ओळखीच्या आहेत. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी त्रास देते, पण हँड पंपाचे (डिझेल पुढे ढकलायला हाताने दाबायचा पंप) वीस-पंचवीस दणके दिले की पहिल्या सेल्फला स्टार्ट होते: फटीतून हवा शिरून डिझेल टाकीकडे परत उतरतंय. गाडी स्टार्ट होते, काही सेकंद चालते आणि गपकन बंद पडते: फिल्टरमधलं शिल्लक डिझेल संपलं आणि मागून हवा आली. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्रास, भरली की बरी: टाकीच्या आतल्या ओढ-नळीला वरच्या बाजूला चीर आहे, पातळी तिच्या खाली गेली की ती उघडी पडते. शेवटचा दोष सापडायला फार छळतो, कारण बाहेरची प्रत्येक नळी बदलून झाली तरी तो जात नाही.

शोधायची सोपी युक्ती म्हणजे टाकीलाच वगळणं. एका स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, फीड पंपाच्या येणाऱ्या बाजूला चांगली रबरी नळी जोडून तिचं टोक कॅनमध्ये बुडवा, एअर काढा आणि सेल्फ मारा. गाडी चालू झाली आणि चालू राहिली तर दोष टाकी ते फीड पंप या पट्ट्यात आहे, पुढच्या कशालाही हात लावायचं कारण उरलं नाही. फीड पंपाच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा टाकला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. संशयितांत सगळ्यात वर बॅन्जो बोल्टची (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वॉशरं. ती एकदा चेपली की परत नीट बसत नाहीत, दर वेळी नवी घाला. मग कडक होऊन बारीक तडे गेलेली रबरी नळी. आणि एअर काढायला आपण वापरतो तो हँड पंप स्वतःच. त्याचं सील झिजलं की तोच हवा घेतो.

एअर काढायचा क्रम टाकीकडून नोझलकडे. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) ढिला करा आणि हँड पंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडेवालं डिझेल, मग काचेसारखी सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. थांबवून आवळला तर थोडी हवा परत आत जाते. मग पंपावरचा ब्लीड स्क्रू, तीच कृती. हँड पंप मारताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर तो हवा ओढतोय किंवा त्याचे व्हॉल्व्ह गेलेत. पहिल्याच दणक्याला दगडासारखा घट्ट लागला तर पुढे फिल्टर चोंदलाय. फीड पंपाजवळ जाळीची छोटी वाटी असेल तर तीही काढून धुवा, आणि खाली साठलेलं पाणी सोडून द्या.

शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट. दोन-तीन नट एखादा आटा ढिले करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. प्रत्येक नटातून ठेक्यात डिझेलचे झटके आले की आवळा. बहुतेकदा इंजिन तिथेच एका-दोन सिलिंडरवर खडखडत उठतं. चेहरा आणि हात दूर ठेवा, चष्मा घाला. चालू इंजिनातली बारीक गळती बोटाने चाचपू नका. नोझलच्या दाबाची धार कातडीतून थेट आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि तरी बोट किंवा हात जाऊ शकतो. असं झालंच तर दुखत नसलं तरी त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं.

पांढरा धूर आणि शेवटी पंप

पांढरा धूर भरपूर येतो आणि इंजिन पकडत नाही, तेव्हा परत वेगाकडे वळा. बॅटरी आणि केबलचं वर लिहिलेलं सगळं इथेही लागू. त्यानंतर हीटर प्लग किंवा मॅनिफोल्डमधला हीटर असेल तर तो. काही जुन्या पंपांवर थंड इंजिनासाठी जादा डिझेल देणारं बटण असतं. ते दाबल्याशिवाय गाडी उठत नाही आणि नव्या ड्रायव्हरला ते माहीत नसतं. दुसऱ्या गाडीने ओढल्यावर लगेच स्टार्ट होते, याचा अर्थ डिझेल ठीक आहे. कमी आहे तो वेग किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेवरचा दाब. ओढताना मात्र लक्षात ठेवा, बंद इंजिनाच्या ट्रकला ब्रेकची हवा नसते.

इथर (चटकन पेट घेणारा स्प्रे) मारून गाडी उठवण्याबद्दल माझं मत वाईट आहे. हीटर असलेल्या इंजिनात तर तो स्फोटच. बिनहीटरच्या इंजिनातही तो पिस्टन जागेवर यायच्या आधीच पेटू शकतो आणि रिंग तोडू शकतो. इथरशिवाय उठत नाही असं इंजिन कॉम्प्रेशन मागतंय, इथर नाही.

कॉम्प्रेशन कमी असल्याचा अंदाज मशीनशिवाय येतो. इंजिन फिरताना सगळे दाब सारखे असतील तर सेल्फचा आवाज एका लयीत येतो. एक सिलिंडर मेलेलं असेल तर तिथे आवाज निसटतो. ऑइलचं झाकण काढल्यावर खालून जोराने वाफा येत असतील तर रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. नक्की आकडा हवा असेल तर डिझेलचं कॉम्प्रेशन मीटर लावावं लागतं. थेट इंजेक्शनच्या जुन्या इंजिनात २५ ते ३० बार दाब तब्येत चांगली असल्याचं सांगतो, वीसच्या आसपास आला की थंडीत रडारड सुरू. मोठा खर्च काढण्याआधी टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट, मोजा. गॅपच उरली नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि चांगल्या रिंगा असूनही दाब गळतो.

आता पंपाची पाळी. पंपापर्यंत बिनबुडबुड्याचं डिझेल पोचतंय, स्टॉप लिव्हर मोकळी आहे, आणि तरीही एकाही नटातून काही येत नाही? सेल्फ मारताना पंपाची कपलिंग (पंपाला इंजिनाशी जोडणारा भाग) फिरते का ते बघा. कपलिंगला शाफ्टवर जखडणारी लोखंडी चावी किंवा कपलिंगच तुटली तर इंजिन फिरतं आणि पंप उभाच. कपलिंग फिरते, काही नटांतून झटके येतात आणि काहींतून नाही, तर दोष प्लंजर किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा, म्हणजे पंपाच्या पोटातला. तेव्हा तो उतरवावाच लागतो. उतरवण्याआधी पहिलं सिलिंडर कॉम्प्रेशनवर वर आणून फ्लायव्हीलची टायमिंगची खूण जुळवा, कपलिंगवर आणि पंपाच्या फ्लँजवर छिन्नीने बारीक खूण करा, आणि सुटलेल्या प्रत्येक नळीच्या तोंडाला लगेच टोपी लावा. टोप्या नसतील तर स्वच्छ प्लास्टिक बांधा, सुती चिंध्या कोंबू नका. त्यांचा एक धागा नोझलचं भोक बुजवायला पुरतो. नोझलही पंपाबरोबरच तपासायला द्या.